न भरणारं गळू आणि दोन बाटल्या

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओपीडीत आली. वय अठ्ठावीस, कडेवर नऊ महिन्यांची मुलगी, सोबत सासू. काय होतंय ते तिनं सांगितलंच नाही. सासूच म्हणाली, “छातीला गळू झालंय मॅडम. दोनदा फोडलं, पण भरतच नाही.” (तिची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

पडद्याआड तपासायला घेतलं. ब्लाउजच्या आत जुन्या साडीच्या फडक्याची घडी ठेवलेली, तिच्यावर पिवळसर डाग. उजव्या स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागात चिरा दिल्याच्या दोन खुणा होत्या. एक मिटलेली, दुसरीच्या टोकाला बारीक भोक आणि त्यातून पातळ, पाण्यासारखा पू झिरपत होता. भोकाखाली लिंबाएवढी घट्ट गाठ लागत होती. वरची कातडी आत ओढल्यासारखी. काखेत दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटलेल्या. हात लावल्यावर दुखत होतं, पण जागा गरम नव्हती. ताप नव्हता.

सासूच्या पिशवीतून कागद निघाले, तेव्हा पाच महिन्यांची हकिगत कळली. आधी लहानशी गाठ आली. मूल अंगावर पितं, त्यामुळे दूध साकळलं असणार असं घरात ठरलं. शेक झाला, पोटीस झालं. मग गावातल्या डॉक्टरांनी सात दिवस गोळ्या दिल्या. गाठ थोडी बसली, पुन्हा वर आली. पुढे एका दवाखान्यात चीर देऊन पू काढला. पंधरा दिवसांत जखम मिटली, महिन्याने तिथेच फुटली. दुसऱ्यांदा चीर, दुसरी अँटिबायोटिक, रोज ड्रेसिंग. मधल्या काळात वजन पाच किलो उतरलं. ते अंगावर पाजण्यामुळे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

कागदांत पुवाचा एक रिपोर्ट होता. त्यावर छापलेलं होतं, की अठ्ठेचाळीस तासांनंतर कोणत्याही जंतूंची वाढ आढळली नाही. हा रिपोर्ट पाहून त्या वेळी सर्वांना हायसं वाटलं असणार. खरं तर तो इशारा होता. इतका पू येतोय आणि त्यात नेहमीचा एकही जंतू वाढत नाही, तर मग हा पू कशाचा?

सासू बाळाला घेऊन बाहेर गेली, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. “मॅडम, कॅन्सर आहे का? खरं सांगा. दिवाळीनंतर आम्हाला कारखान्याला जायचंय. मुकादमाची उचल घेतलीय.”

माझ्या मनातही पहिला विचार कॅन्सरचाच आला होता. घट्ट गाठ, ओढलेली कातडी, काखेत गाठी. हे चित्र कॅन्सरचं असू शकतं. पण ते स्तनाच्या क्षयरोगाचंही असू शकतं. या दोघांमधला फरक नुसत्या हातानं किंवा डोळ्यानं ठरवता येत नाही, एवढं सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

टीबी काय फक्त छातीचाच असतो?

टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. फुप्फुसाचा क्षयरोग सर्वांत जास्त आढळतो हे खरं. पण आपल्या देशात नोंद होणाऱ्या क्षयरुग्णांपैकी साधारण पाचातल्या एकाला, काही वेळा चारातल्या एकाला, तो फुप्फुसाबाहेर झालेला असतो. मानेच्या गाठी, फुप्फुसाचं आवरण, मणका, आतडं, मेंदूची आवरणं, गर्भाशयाच्या नळ्या. केस आणि नखं सोडली तर शरीराचा कोणताही भाग त्याला वर्ज्य नाही, असं आम्हाला विद्यार्थिदशेत शिकवलं जायचं. स्तन या यादीत अगदी खाली येतो. स्तनाच्या ऊतीत क्षयाचे जंतू सहज तग धरत नाहीत, असं मानलं जातं.

तरीही हा आजार वैद्यकाला जवळपास दोनशे वर्षांपासून माहीत आहे. लंडनचे शल्यचिकित्सक सर ॲस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये स्तनाच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. मानेत गाठी असलेल्या तरुण स्त्रियांच्या स्तनात येणाऱ्या एका सुजेचं वर्णन त्यांनी त्यात केलं आहे. मानेच्या त्या गाठींना आपल्याकडे गंडमाळ म्हणतात. स्तनाला आधार देणाऱ्या तंतूंना आजही कूपर यांचंच नाव आहे. क्षयाचा जंतू तेव्हा कोणी पाहिलेला नव्हता. तो रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगासमोर आणला, म्हणून २४ मार्चला आपण जागतिक क्षयरोग दिन पाळतो. मानेतली गंडमाळ आणि स्तनातली सूज ही एकाच दुखण्याची दोन ठिकाणं असावीत, हे मात्र कूपर यांनी जंतू सापडण्याच्या त्रेपन्न वर्षं आधी ताडलं होतं.

जंतू स्तनात पोहोचतात ते बहुधा काखेतल्या किंवा मानेतल्या गाठींकडून. लसवाहिन्यांचा प्रवाह एरवी स्तनाकडून काखेकडे असतो. काखेतल्या गाठी क्षयानं सुजून तुंबल्या, की तो उलटा फिरतो. कधी जंतू रक्तातून येतात. कधी बरगडी किंवा फुप्फुसाच्या आवरणातला आजार खालून वर सरकतो. क्वचित स्तनाग्राच्या भेगांमधून किंवा दुधाच्या नलिकांमधून त्यांचा शिरकाव होतो.

हा आजार बहुतेक करून वीस ते चाळीस या वयातल्या, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या बायकांना होतो. अंगावर पाजणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, नलिका रुंदावलेल्या असतात. शिवाय बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत एकूणच क्षयरोग उफाळण्याचा धोका वाढतो. पुरुषांनाही स्तनाचा क्षयरोग होऊ शकतो, पण फार क्वचित.

तीन सोंगं

पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या हजार विकारांमध्ये एकही क्षयरोग निघत नाही. भारतासारख्या देशांतल्या काही रुग्णालयांच्या नोंदींत मात्र हे प्रमाण शंभरात तीन-चारपर्यंत गेलेलं दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि त्यातले साधारण २६ टक्के भारतातले होते. एवढा क्षयरोग असलेल्या देशात स्तनाचा क्षयरोग आठवायलाच हवा. पण तो आठवत नाही, कारण तो दुसऱ्याच आजारांची सोंगं घेऊन येतो.

पहिलं सोंग साध्या गळवाचं. पाजणाऱ्या बाईला गळू होणं नेहमीचंच. साधं गळू लाल, गरम, ठणकणारं असतं. ताप येतो, चीर दिली आणि योग्य अँटिबायोटिक मिळालं की एक-दोन आठवड्यांत उतार पडतो. क्षयाचं गळू थंड असतं. ते सावकाश वाढतं, फुटतं, मिटतं, पुन्हा फुटतं. शेवटी कातडीत कायमचं भोक पडून नासूर होतो. यात आणखी एक अडचण आहे. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स क्षयाच्या जंतूंनाही थोडीफार दाबतात. त्यामुळे आठ दिवस बरं वाटतं आणि निदान पुढे जातं.

दुसरं सोंग कॅन्सरचं. गाठ घट्ट, वेडीवाकडी, कातडीला चिकटलेली असू शकते. स्तनाग्र आत ओढलं जाऊ शकतं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू शकते. मॅमोग्राफीत आणि सोनोग्राफीतही दोन्ही आजार सारखेच दिसू शकतात. निव्वळ संशयावरून क्षयाचा स्तन कॅन्सर समजून काढून टाकला गेला, असं पूर्वी घडलेलं आहे.

तिसरं सोंग अनेकांना माहीत नसतं. ‘ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस’ नावाची स्तनाची एक सूज असते. तिचं कारण अजून नीट उलगडलेलं नाही. तीही तरुण, नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना होते. तिच्यातही गाठ, पू, नासूर हे सगळं असतं. सूक्ष्मदर्शकाखालीही ती क्षयासारखीच दिसते. पण उपचार अगदी उलट. या सुजेला अनेकदा स्टिरॉइड दिलं जातं. क्षयरोग असताना नुसतं स्टिरॉइड दिलं, तर प्रतिकारशक्ती दबते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

चूक दुसऱ्या बाजूनंही होते, आणि ती जास्त महाग पडते. ‘आपल्याकडे टीबीच असतो’ असं म्हणून पुरावा नसताना क्षयाची औषधं सुरू केली जातात. तीन-चार महिन्यांनी कळतं, की तो कॅन्सर होता. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे, आणि त्यात तीन-चार महिने फार असतात. क्वचित दोन्ही आजार एकाच स्तनात सापडतात.

माझ्या हातून काय राहिलं

स्तनातल्या कोणत्याही गाठीची तपासणी तीन पायऱ्यांनी होते. डॉक्टरांनी हातानं तपासणं, मग सोनोग्राफी किंवा वयानुसार मॅमोग्राफी, आणि शेवटी सुईनं पेशी किंवा तुकडा काढून पाहणं. तिची सोनोग्राफी केली. गाठ, तिच्यात पुवाचे कप्पे, तिथून कातडीपर्यंत गेलेली वाट, काखेत सुजलेल्या गाठी, एवढं दिसलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. त्यामुळे क्षयरोग नाही असं ठरत नाही, कारण स्तनाचा क्षयरोग असलेल्या अनेक जणींची फुप्फुसं स्वच्छ असतात. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं ही क्षयाची ओळखीची लक्षणंही यात बऱ्याच जणींना नसतात.

मग जागा बधिर करून जाड सुईनं गाठीचे चार तुकडे काढले. डोक्यात कॅन्सर होता. सवयीनं चारही तुकडे फॉर्मालिनच्या बाटलीत टाकले, लेबल लावलं आणि पॅथॉलॉजीला पाठवले.

सहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सरच्या पेशी नाहीत. ग्रॅन्युलोमा आहेत. क्षयाचे जंतू दिसले नाहीत. क्षयरोग किंवा ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, दोन्ही शक्य. पुढील तपासण्या करून ठरवावं.

ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीरानं घातलेला वेढा. एखादा शत्रू मारता येत नसेल, तर पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती कडं करतात. क्षयात या कड्याच्या मधोमध ऊती मरून पनीरच्या भुग्यासारखा पदार्थ तयार होतो. तो दिसला तर क्षयाचा संशय पक्का होत जातो. तिच्या तुकड्यात तो दिसला नव्हता. आणि वेढा कोणाभोवती पडलाय, ते फक्त वेढा पाहून कळत नाही.

आता जंतू शोधायला हवा होता आणि तो शोधायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. फॉर्मालिन ऊती टिकवतं, पण त्यातले जंतू मारतं. मेलेला जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही. तुकडा काढताना एकच बाटली न घेता दोन घ्यायला हव्या होत्या. एक फॉर्मालिनची, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. दुसरी निर्जंतुक सलाईनची, क्षयाच्या जंतूच्या तपासणीसाठी. दोन रुपयांच्या बाटलीचा हा प्रश्न होता.

तिला परत बोलवावं लागलं. जायला साठ किलोमीटर, यायला साठ, दोघींचा दिवस बुडाला आणि पुन्हा सुई. मी तिला खरं ते सांगितलं. “माझ्याकडून एक तपासणी राहिली. कॅन्सर नाहीये, ते नक्की. पण औषध कोणतं द्यायचं ते ठरवायला पुन्हा थोडा तुकडा लागेल.” तिनं पहिलं वाक्य दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्याला नुसती मान हलवली.

या वेळी पू आणि तुकडा सलाईनमध्ये सीबीनॅटसाठी आणि कल्चरसाठी गेला. तिसऱ्या दिवशी निरोप आला. क्षयाचा जंतू आढळला, प्रमाण कमी, रिफाम्पिसिन या औषधाला तो दाद देणारा.

कोणती तपासणी काय सांगते

वाचकांच्या मनात इथे प्रश्न येईल, की पहिल्याच पुवाच्या तपासणीत हा जंतू का सापडला नाही? नेहमीच्या कल्चरमध्ये साधे जंतू एक-दोन दिवसांत वाढतात. क्षयाचा जंतू अत्यंत संथ आहे. त्याच्यासाठी वेगळं माध्यम लागतं. द्रव माध्यमात सहा आठवडे आणि घन माध्यमात आठ आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. तशी मागणी लिहून दिली नाही, तर प्रयोगशाळा दोन दिवसांनी ‘वाढ नाही’ असं कळवते. ते खरंच असतं, पण अपुरं असतं.

काचेवर रंग देऊन जंतू पाहण्याची जुनी पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. पण त्यात जंतू दिसायला एका मिलिलीटरमध्ये सुमारे दहा हजार जंतू असावे लागतात. थुंकीत ते असतात, स्तनातल्या गाठीत क्वचितच. सीबीनॅट ही जंतूची जनुकीय खूण शोधते, तिला शंभर-सव्वाशे जंतू पुरतात. दोन तासांत उत्तर मिळतं आणि रिफाम्पिसिनला जंतू दाद देईल की नाही तेही कळतं. मात्र ती ‘निगेटिव्ह’ आली म्हणून क्षय नाहीच असं होत नाही. म्हणून कल्चरही पाठवायचं आणि सूक्ष्मदर्शकाचा रिपोर्ट, रुग्णाची लक्षणं, सोनोग्राफी हे सगळं एकत्र मांडून निर्णय घ्यायचा.

हातावर टोचून केलेली माँटूची तपासणी किंवा ‘इग्रा’ ही रक्ततपासणी इथे फार उपयोगाची नाही. शरीरात जंतू कधीतरी शिरला होता, एवढंच त्या सांगतात. आज आजार आहे का, ते सांगत नाहीत. आपल्या देशात असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात हा जंतू झोपलेला असतो. रक्तातली प्रतिपिंडं मोजून क्षयाचं निदान करणाऱ्या चाचण्यांवर तर सरकारनं २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

गोळ्या, दूध आणि चीर

स्तनाचा क्षयरोग औषधांनी बरा होतो. स्तन काढावा लागत नाही. तिला हे सांगितलं तेव्हा सासूनं आधी सुस्कारा सोडला आणि मग हळूच विचारलं, “मग हिची ताटवाटी वेगळी करायची का?”

मुळीच नाही. क्षयरोग पसरतो तो फुप्फुसाच्या रुग्णाच्या खोकल्यातून, हवेतून. जिची फुप्फुसं स्वच्छ आहेत, तिच्यापासून घरात कोणाला धोका नसतो. उलट, तिला हा जंतू कोणाकडून आला ते पाहायला हवं. घरात सगळ्यांची चौकशी केली, सासऱ्यांचा जुना खोकला होता म्हणून त्यांची थुंकी तपासली. काही निघालं नाही. अनेकदा निघत नाही. जंतू लहानपणीच शिरलेला असतो आणि शरीर थकलेलं असताना डोकं वर काढतो.

उपचार साधारण सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथाम्ब्युटॉल ही चार औषधं. पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. सरकारी कार्यक्रमात ती एकाच गोळीत मिसळलेली असतात आणि रोज घ्यायची असतात. किती गोळ्या, ते वजनावर ठरतं. तिचं वजन एकेचाळीस किलो, म्हणून रोज तीन. सुरुवातीला प्रत्येक क्षयरुग्णाची एचआयव्ही आणि साखरेची तपासणी करतात. जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नसेल, तर औषधांचा संचच बदलतो. म्हणून ती सीबीनॅटची दुसरी ओळ महत्त्वाची.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवाव्या लागतात. लघवीला केशरी रंग येतो, तो रिफाम्पिसिनचा, घाबरायचं नाही. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून ब-६ जीवनसत्त्वाची गोळी सोबत असते. डोळे पिवळे झाले, जेवणच जाईनासं झालं, उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे यायचं. नजर अंधुक झाली, लाल-हिरव्यातला फरक कळेना, तरीही लगेच यायचं. आणखी एक गोष्ट बायकांना क्वचितच सांगितली जाते. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. उपचार चालू असताना तांबी किंवा निरोध यांसारखा दुसरा उपाय हवा.

तिचा स्वतःचा प्रश्न एकच होता. “पोरीला पाजू का?”

या औषधांचा अगदी थोडा अंश दुधात उतरतो, तो बाळाला अपाय करत नाही. त्यामुळे क्षयाची पहिल्या फळीची औषधं घेणाऱ्या आईला अंगावर पाजता येतं. मात्र स्तनातच आजार असेल, तर त्या बाजूनं पाजायचं नाही, निरोगी बाजूनं पाजायचं. बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, मुलगी ठणठणीत होती.

शस्त्रक्रियेचं काम यात थोडं आहे. पुवाचा मोठा साठा असेल तर तो सुईनं ओढून काढतात. मोठी चीर शक्यतो टाळतात, कारण ती चीरच नासूर होऊन बसते. औषधं पूर्ण झाल्यावरही गाठ किंवा नासूर उरला, तर तेवढाच भाग काढतात.

सहा महिने आणि एक हंगाम

गोळ्या सुरू झाल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. दिवाळीनंतर टोळी निघणार होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती गेली नाही, तर अर्धा कोयता, आणि उचल फेडायची कशी? थांब म्हणणं सोपं होतं, पण थांबून घरात काय शिजवायचं, हे मी सांगू शकत नव्हते.

ऊसतोडीचा हंगाम आणि क्षयाचा उपचार जवळजवळ सारख्याच लांबीचे आहेत. याच हंगामात उपचार तुटतात. जंतू अर्धमेले राहतात आणि पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाहीत. सुदैवानं आता राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाची ‘नि-क्षय’ या संगणकीय प्रणालीत नोंद असते. त्या क्रमांकावर देशात कुठेही उपचार पुढे चालू ठेवता येतात. क्षयरोग पथकातल्या कर्मचाऱ्यानं कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून तिची नोंद तिकडे वळवली. पहिल्या महिन्याच्या गोळ्या तिनं पिठाच्या डब्यात ठेवून नेल्या. नि-क्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णाला नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला एक हजार रुपये मिळतात, पूर्वी ते पाचशे होते. पैसे थेट बँक खात्यात जातात, म्हणून तिचं खातं आधारशी जोडून घेतलं. जड मोळी उचलायची नाही, असंही मी सांगितलं. ते पाळलं जाणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

डिसेंबरमध्ये तिचा फोन आला. स्तनातली गाठ अर्ध्यावर आली होती, भोक बंद झालं होतं, पण काखेत नवीन अवधाण उठलं होतं. औषध लागू पडत नाही, बंद करू का, असं ती विचारत होती. जंतू मरू लागले की त्यांचे अवशेष पाहून शरीराची प्रतिकारशक्ती खवळते. जुन्या गाठी सुजतात, नव्या दिसतात. हे क्षयाच्या गाठींमध्ये वरचेवर घडतं. तरी औषधाला न जुमानणारा जंतू नाही ना, हे पाहावंच लागतं. तोवर तिचं कल्चर आलं होतं, त्यात जंतू सगळ्या मुख्य औषधांना दाद देत होता. तिकडच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, गोळ्या तशाच चालू ठेवल्या. दीड महिन्यात ते अवधाण बसलं.

पाडव्यानंतर ती परत आली. वजन सेहेचाळीस किलो. स्तनावर खड्डा पडल्यासारखा व्रण आहे, तो राहील. गाठ नाही, पू नाही, सोनोग्राफीत थोडा जाडसर भाग फक्त. उपचार थांबवले आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. मुलगी आता चालत होती आणि ओपीडीतल्या बाकाखाली शिरून बसली होती. जाताना ती म्हणाली, “आमच्या टोळीतल्या एकीला पण असंच गळू आहे. वर्ष झालं. कुणाला दाखवत नाही. तिला घेऊन येऊ का?”

ती बाई पुढच्या आठवड्यात आली. या वेळी टेबलावर दोन्ही बाटल्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. तिचं दुखणं क्षय निघालं नाही, साधी गाठ निघाली. तेही कळलं ते तपासल्यामुळेच.

हे लक्षात ठेवा

स्तनातली गाठ दुखो वा न दुखो, ती अंगावर काढू नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण कोणती कशाची हे तपासल्याशिवाय कळत नाही.

योग्य उपचार होऊनही गळू दोन-तीन आठवड्यांत भरलं नाही, किंवा त्याच जागी पुन्हा झालं, तर तिसरी चीर देण्याआधी तुकडा तपासून घ्या.

पू किंवा तुकडा काढला जात असेल, तेव्हा डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा, “हा टीबीच्या तपासणीलाही पाठवणार ना?” यात उद्धटपणा काही नाही. माझ्यासारख्या डॉक्टरला तो प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला असता, तर एका बाईची एक फेरी आणि एक सुई वाचली असती.

पुराव्याशिवाय क्षयाची औषधं सुरू करू नका, स्टिरॉइडही घेऊ नका. निदान झाल्यावर मात्र एकही दिवस चुकवू नका. गाव बदलणार असाल, तर निघण्याआधी क्षयरोग केंद्रात सांगा, गोळ्या तुमच्या मागोमाग येतील.